आप्पांना टोकियो स्कायट्रीवर नेलं त्याची हकीकत, आणि जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

मंगळवारपेठ | ४ फेब्रुवारी, रात्री ९:१०

मंडळी, जानेवारीत वडिलांना घेऊन धाकट्या भावाकडे टोकियोला जाऊन आले. परतल्यापासून गल्लीत, मंडईत, नात्यात सगळे एकच विचारतात, "त्या टॉवरवरनं काय दिसलं?" तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. उन्हाळ्यात इथल्या दोघा-तिघांचं जपानला जायचं ठरतंय, त्यांनाही उपयोग होईल.

आधी आप्पांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आप्पा पंच्याहत्तरीचे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं पॅटर्नमेकर होते. लाकडाचा पॅटर्न करायचा, त्यावरून वाळूत साचा, मग साच्यात ओतकाम. कुठलीही वस्तू हातात आली की ती ओतली कशी, जोडली कुठं, हे बघितल्याशिवाय खाली ठेवत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की ते वरच्या मजल्यावर झोपत नाहीत. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते आणि माडीवर झोपले होते. मांडणीवरची पितळी भांडी एकामागून एक खाली येत होती आणि अंधारात जिना कुठल्या अंगाला आहे तेच सापडेना, एवढंच ते सांगतात. तेव्हापासून आमची माडी फक्त धान्याला आणि पाहुण्यांना.

भावाचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. पहिल्या रात्री आप्पांनी अंथरूण दाराजवळ घातलं. आम्ही काही बोललो नाही. चौथ्या रात्री बारीकसा धक्का बसला. टोकियोत हे नेहमीचं आहे, शेजारी कुणी उठलंसुद्धा नसेल. पण टांगलेला दिवा हलला आणि आप्पा उठून बसले ते बसलेच. भावाने चहा केला आणि त्यांना ११ मार्च २०११ ची गोष्ट सांगितली. ईशान्य जपानच्या समुद्रात ९ तीव्रतेचा भूकंप झाला त्या दुपारी स्कायट्रीचं बांधकाम चालूच होतं. ६०० मीटरच्या वर गेलेलं काम. टॉवर डोलला आणि उभा राहिला. बरोबर आठवड्याने, १८ मार्चला, त्याने पूर्ण ६३४ मीटरची उंची गाठली.

आप्पांनी विचारलं, "पडला न्हाई?"

"नाही."

"का न्हाई?"

भाऊ कॉम्प्युटरवाला, त्याला पुरतं सांगता येईना. मग दोघंजण मोबाईलवर वाचत रात्री दोनपर्यंत बसले. सकाळी आप्पा आंघोळ करून तयार. "चल, त्यो टॉवर बघायचा."

मी त्यांना विचारलं होतं, वर जाणार का? म्हणाले, आधी खालनं बघू. आणि आमचा अर्धा दिवस खालून बघण्यातच गेला. आता वाटतं, तोच अर्धा दिवस सगळ्यात मोलाचा होता.

आम्ही आसाकुसाला उतरलो. तिथलं सेन्सोजी मंदिर बघितलं, मोठ्या लाल कंदिलाच्या दारातून आत, दोन्ही बाजूंना दुकानं, थेट आपला महाद्वार रोड. मग सुमिदा नदीवरचा पूल ओलांडून चालत निघालो. टॉवर समोरच दिसतो म्हणून जवळ वाटतो, पण म्हाताऱ्या माणसाच्या पावलांनी अर्धा तास धरा. तेवढ्या वाटेत त्याचा आकार बदलत जातो. खाली तो त्रिकोणी आहे आणि वर जाता जाता गोल होतो. त्यामुळे कुठून बघता त्याप्रमाणे कधी सरळ वाटतो, कधी जरा कललेला. रंग पांढरा दिसतो, पण नुसता पांढरा नाही. निळीच्या पाण्यात बुडवून काढलेल्या धोतरासारखी छटा आहे त्याला.

पायथ्याशी आप्पा जे थांबले ते हलेनात. मुख्य पायांचे पोलादी नळ २.३ मीटर व्यासाचे, म्हणजे आत माणूस सहज उभा राहील, आणि पत्र्याची जाडी १० सेंटिमीटर. एका नळाला दुसरा नळ येऊन थेट वेल्डिंगने जोडलाय, मध्ये पट्ट्या नाहीत, बोल्ट नाहीत. आप्पा नुसते मान वर करून एकेक सांधा बघत होते. मला म्हणाले, "हे ज्यांनी जोडलं त्यांचा हात बघायला पायजे."

मग त्यांचा दुसरा प्रश्न: एवढं उंच कशापायी? याचं उत्तर भावाने चोख दिलं. टोकियोत १९५८ पासून ३३३ मीटरचा टोकियो टॉवर आहे, दूरदर्शनचं प्रसारण तिथून व्हायचं. भोवती दोनशे मीटरच्या वरच्या इमारती उभ्या राहिल्या आणि लहरी अडू लागल्या. डिजिटल प्रसारण आलं तेव्हा सगळ्या वाहिन्यांना अजून उंच जागा हवी झाली, त्यासाठी हा बांधला. २००८ च्या जुलैत काम सुरू, २२ मे २०१२ ला लोकांना खुला. ६३४ हा आकडाही मुद्दाम धरलाय. जपानीत ६-३-४ चा उच्चार मु-सा-शी असा होतो, आणि मुसाशी हे त्या मुलखाचं जुनं नाव. आप्पांना हे पटलं. "म्हंजे हौसेचा न्हाई, कामाचा हाय," म्हणाले, आणि तिथून पुढे त्यांचा चेहरा बदलला.

आता खरी गोष्ट, तो पडला का नाही. टॉवरच्या मधोमध काँक्रीटचा एक पोकळ खांब आहे, ८ मीटर व्यासाचा, ३७५ मीटर उंच. आत जिना आहे, अडीच हजारांवर पायऱ्यांचा, अडीअडचणीला उतरण्यासाठी. हा खांब खालच्या १२५ मीटरपर्यंत बाहेरच्या पोलादी सांगाड्याला पक्का बांधलाय. त्याच्या वर मात्र दोघांत फट सोडली आहे आणि फटीत तेलाचे डॅम्पर बसवलेत, मोटरसायकलच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या जातीचे. जमीन हलली की सांगाडा एका लयीत डोलतो आणि हा जड खांब वेगळ्या लयीत. एकाची ओढ दुसरा मोडतो. भूकंपातला डोल यामुळे बराच कमी होतो. जपानी लोक याला शिनबाशिरा म्हणतात. हा शब्द त्यांच्या पाच मजली लाकडी पॅगोड्यांमधला आहे, तिथेही मधोमध एक खांब असतो. नारा भागातल्या होर्यूजीचा पॅगोडा तेराशे वर्षं भूकंपाच्या देशात उभा आहे.

मी हे समजावून सांगत होते तर आप्पांनी मला मध्येच थांबवलं. "अगं, सासनकाठी."

मला क्षणभर कळेना. मग त्यांनी पायथ्याशीच दोन्ही हात कमरेशी धरून दाखवलं. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर निशाणाची उंच काठी नाचवतात तेव्हा ती एका अंगाला कलली की धरणारा गडी कमरेतून उलट्या अंगाला जातो, दोर धरणारे हळूच ढील देतात, हळूच ओढतात. कोणी घट्ट आवळून धरलं तर काठी मोडते. "ह्येनी काठी नाचवणारा आतच उभा केलाय," म्हणाले. आजूबाजूचे जपानी आजी-आजोबा कौतुकाने बघत होते. मला त्या वेळी आप्पांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

त्यानंतर वर जायचं का हे विचारावंच लागलं नाही.

लिफ्ट मिनिटाला ६०० मीटर जाते. ३५० मीटरच्या मजल्यावर पोचायला पन्नास सेकंद. चार लिफ्ट आहेत, चार ऋतूंच्या सजावटीच्या. आम्हाला हिवाळा मिळाला. आप्पांनी माझं मनगट धरलं होतं. कान दडले तेवढंच, हादरा म्हणून नाही.

वर गेल्यावर आप्पा पाच मिनिटं मधल्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मग एक पाऊल, मग दुसरं, असं करत काचेशी आले. खाली सुमिदा नदी वळण घेत समुद्राकडे जाते, तिच्यावरच्या पुलांची रांग, आणि शहर संपतच नाही. जिथवर नजर जाते तिथवर घरंच. तिथे एक जुनं चित्र लावलंय, त्याची नक्कल खरं तर. १८०९ साली एका चित्रकाराने एदो शहर, म्हणजे जुनं टोकियो, आकाशातून दिसावं तसं काढलं होतं. त्या काळी तेवढ्या उंचीवर माणूस जाणं शक्यच नव्हतं. पण चित्रातलं नदीचं वळण आणि काचेतून दिसणारं वळण एकच! मागे फूजी पर्वतसुद्धा त्याच अंगाला. आप्पा दहा वेळा चित्राकडून काचेकडे आणि काचेकडून चित्राकडे गेले. जागेवर उभं न राहता त्या माणसाने सगळं मनात जुळवलं कसं, हे त्यांना कळून घ्यायचं होतं. पॅटर्नमेकरचंही तेच काम असतं ना, जी वस्तू अजून नाही ती उलटी करून मनात बघायची.

साडेचारनंतर ऊन उतरू लागलं आणि नैर्ऋत्येला फूजी गडद निळा उभा राहिला, शंभरेक किलोमीटर लांब. दिवे लागेपर्यंत आम्ही तिथेच. खाली उतरताना आप्पांनी माझं मनगट धरलं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी: तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं, आणि आठवड्याच्या मधल्या वारी शनिवार-रविवारपेक्षा कमी. ३५० मीटरचा मजला आणि ४५० मीटरचा मजला असे दोन टप्पे आहेत, दुसऱ्याचे पैसे वेगळे. फूजी बघायचा तर डिसेंबर-जानेवारी, हवा कोरडी असते. आम्हाला ३१ तारखेच्या आत परतायचं होतं, कारण मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात तो किरणोत्सव आप्पा चुकवत नाहीत, म्हणून जानेवारीचा पहिला पंधरवडा धरला आणि तो फळला. बाकी विचारा, माहीत आहे तेवढं सांगेन.

---

गडवाट | ४ फेब्रुवारी, रात्री ९:४८

ताई, सासनकाठीपाशी वाचताना काटा आला अंगावर. जोतिबाच्या नावानं चांगभलं!

माझ्या आईचे गुडघे गेलेत. तिला नेता येईल का? आणि तळाला काचेची जमीन आहे म्हणतात, ती चुकवता येते का?

---

मंगळवारपेठ | ४ फेब्रुवारी, रात्री १०:०५

@गडवाट, खुशाल न्या. व्हीलचेअर सगळीकडे जाते. काचेची जमीन ३४० मीटरच्या पातळीवर एका कोपऱ्यात आहे, तिच्यावरून चालावंच लागतं असं नाही. आप्पा तिच्या कडेला उभे राहून काचेची जाडी बघत होते, पाय ठेवला नाही. मी ठेवला. पोटात खड्डा पडतो.

आईंना ४५० मीटरवरही न्या. तिथे ४४५ पासून ४५० पर्यंत गोल चढत जाणारी काचेची वाट आहे, चढ अगदी सौम्य, पायरी नाही.

---

प्रवासवेडी | ४ फेब्रुवारी, रात्री १०:३१

माझा अनुभव उलटा, म्हणून लिहिते. आम्ही जूनमध्ये एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो. जून म्हणजे तिथला पावसाळा. वर गेलो तर चारी बाजूंना पांढरं धुकं, आणि कंपनीने दिलेला वेळ पाऊण तास. त्या पाऊण तासात ढग हलला नाही. सासूबाई म्हणाल्या, "एवढं लांब येऊन कापूस बघितला." फार वाईट वाटलं होतं.

तेव्हा टूरबरोबर जाणाऱ्यांनी आधी विचारून घ्या, हवा वाईट असेल तर दिवस बदलता येतो का. आणि स्वतंत्र जाणार असाल तर तिकीट आदल्या दिवशी अंदाज बघून काढा. वाऱ्याचंही लक्षात ठेवा. वारा फार झाला तर लिफ्ट थांबवतात. उद्घाटनाच्या दिवशीसुद्धा वाऱ्यामुळे थांबवाव्या लागल्या होत्या.

आत्ता हे वाचून वाटतंय, धुकं होतं त्या दिवशी आम्ही पायथ्याशी तरी नीट बघायला हवं होतं. ते नळ, ते सांधे. खाली तर सगळं दिसत होतं.

---

कागलचा_दुबईत | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

मी अकरा वर्षं दुबईत आहे. गावाकडनं कुणी आलं की बुर्ज खलिफावर नेणं माझ्याकडे असतं, वीसेक वेळा तरी वर गेलोय. लोक ८२८ मीटर म्हणून जातात, पण आपण तेवढ्या उंचीवर जात नाही हे लक्षात घ्या. १२४ वा मजला ४५२ मीटरवर आहे, म्हणजे स्कायट्रीच्या वरच्या टप्प्याइतकाच. १४८ वा ५५५ मीटरवर, त्याचं तिकीट वेगळं आणि बरंच महाग.

ताईंनी तो उभा कसा राहतो हे लिहिलं ते फार आवडलं, म्हणून बुर्जचं सांगतो. तिथे भूकंपापेक्षा वारा मोठा वैरी. इमारत वरून बघितली तर तीन पाकळ्यांची आहे, मधल्या गाभ्याला तीन पंख टेकू देतात. वर जाताना एकेक पंख पायरीपायरीने मागे सरकत जातो, त्यामुळे कुठल्याच दोन उंचीवर आकार सारखा नाही. वारा एका लयीत धक्के द्यायला लागला की उंच इमारत डोलते. इथे दर टप्प्यावर आकार बदलतो, म्हणून वाऱ्याला लयच सापडत नाही. हे डोकं बिल बेकर या इंजिनियरचं. काँक्रीटही उन्हाळ्यात रात्री ओतायचे, बर्फ घालून, दिवसाच्या उन्हात ते नीट जमलं नसतं म्हणून.

आणि एक गोष्ट पाहुण्यांना मी आवर्जून दाखवतो. खाली सूर्य बुडाला की लगेच वर गेलेला माणूस तोच सूर्य परत बघतो. रमजानात म्हणून ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांना रोजा दोन मिनिटं उशिरा सोडायला सांगितलंय आणि १५० च्या वर तीन मिनिटं. एकाच इमारतीत तीन वेळा मावळणारा सूर्य. माझे वडील हे ऐकून बराच वेळ गप्प बसले होते.

---

भूगोल_सर | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

निवृत्त शिक्षक आहे, वर्गात सांगायचो तेच सांगतो. उंचीवरून क्षितिज किती लांब दिसतं याचं सोपं गणित आहे. उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. ३५० मीटरवरून साधारण ६७ किलोमीटर, ४५० वरून ७६. हाच टॉवर कोल्हापुरात उभा केला असता तर सांगली-मिरज सहज दिसली असती आणि हवा स्वच्छ असेल तर कऱ्हाडचा मुलूखही टप्प्यात आला असता. पश्चिमेला मात्र सह्याद्री आडवा आला असता. फूजी शंभर किलोमीटरवर असून दिसतो, कारण तो स्वतःच ३७७६ मीटर उंच आहे.

स्कायट्रीशी जोडलेली एक गोष्ट मला या सगळ्याहून मोठी वाटते. टोकियो विद्यापीठ आणि रिकेन या संस्थेच्या संशोधकांनी तिथे दोन अतिशय अचूक घड्याळं ठेवली, एक पायथ्याशी आणि एक ४५० मीटरवर. गुरुत्वाकर्षण जिथे किंचित कमी तिथे काळ किंचित वेगाने चालतो, हे आइन्स्टाइनचं म्हणणं. वरचं घड्याळ दिवसाला सुमारे ४ नॅनोसेकंद पुढे गेलं. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. असे प्रयोग पूर्वी रॉकेट आणि उपग्रह वापरून करावे लागत, इथे लिफ्टने जाता येईल एवढी उंची पुरली. म्हणजे आप्पा वर होते तेवढा वेळ त्यांचं वय खालच्या माणसांपेक्षा कणभर जास्त वाढलं! आप्पांना माझा नमस्कार सांगा.

---

उद्यमनगरी | ५ फेब्रुवारी, दुपारी १:१५

माझी स्वतःची लहान फाउंड्री आहे. आप्पांसारखे पॅटर्नमेकर आता शोधून सापडत नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर आलं. ओतलेला धातू गार होताना आकसतो, ते आकुंचन त्यांच्या पिढीने डोळ्यांनी धरलं ते आमची पोरं सॉफ्टवेअरला विचारतात.

एक प्रश्न. एवढ्या उंचीवर वरचा अँटेनाचा भाग चढवला कसा? क्रेनने जोडत गेले असं वाटत नाही, त्या वाऱ्यात तुकडा तुकडा जोडणं कठीण.

---

मंगळवारपेठ | ५ फेब्रुवारी, रात्री ८:५०

@उद्यमनगरी, तुमचा प्रश्न आप्पांना वाचून दाखवला. हेच त्यांनी भावाकडून काढून घेतलं होतं, म्हणून लगेच सांगितलं. मी त्यांच्या शब्दांत लिहिते:

"टॉवर मधी पोकळ ठेवला. वरचा अँटेनाचा भाग जमिनीवर त्या पोकळीत जोडायचा आन् तारांनी वर वढायचा. खालनं पुढचा तुकडा जोडायचा, परत वढायचा. सगळा वर गेला की पोकळी रिकामी. मग त्याच पोकळीत काँक्रीटचा खांब वतला. साचा एकच, खालनं वर सरकवत न्यायचा. खालचं घट्ट झालं की साचा वर. वाळूच्या साच्यात आपण एकदा वततो आन् फोडतो, ह्येंचा साचा चालत जातो."

'साचा चालत जातो' हे म्हणताना आप्पांचा आवाज बघायला हवा होता.

त्यांनी अजून एक सांगायला लावलंय. पायाही साधा नाही. ५० मीटर खोल काँक्रीटच्या भिंती उतरवल्यात आणि त्यांना जागोजागी गाठी आहेत, झाडाच्या मुळीला असतात तशा. वाऱ्याने टॉवर कलला की एका बाजूचा पाय वर उपटला जाऊ बघतो, त्या गाठी त्याला धरून ठेवतात. पायथा एका बाजूला सत्तर मीटरसुद्धा नाही आणि उंची ६३४, म्हणून हे लागलं.

आणि सर, तुमचा नमस्कार पोचवला. म्हणाले, कणभर वय गेलं तर जाऊ द्या.

---

नवं_कोल्हापूर | ५ फेब्रुवारी, रात्री १०:४०

हे सगळं वाचून एकच वाटतं, आपल्याकडे का नको? रंकाळ्याच्या काठी शंभर-दीडशे मीटरचा टॉवर उभा करा. एका बाजूला शालिनी पॅलेस, समोर पाणी, मागे पन्हाळा, जोतिबा. अंबाबाईच्या दर्शनाला लाखो लोक येतात, दर्शन घेऊन त्याच दिवशी निघून जातात. एक रात्र राहिले तर शहराचं किती भलं होईल. फाउंड्रीवाले आपले, हात आपले. मी मनापासून लिहितोय, हसू नका.

---

महाद्वार_रोड | ६ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

हसत नाही भावा. पण थांब. चारच दिवसांपूर्वी अंबाबाईच्या किरणोत्सवात काय बघितलं आपण?

३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर, तिसऱ्या दिवशी मुख. तसंच ९, १०, ११ नोव्हेंबरला. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनी सूर्याची वाट दगडात धरली. आणि आपण काय केलं? त्या वाटेत मजले चढवले, पाण्याच्या टाक्या ठेवल्या, पत्रे मारले. अडथळे मोजावे लागले, खुणा कराव्या लागल्या, काही उतरवावे लागले. आमच्याच घरावरची टाकी आम्ही खाली घेतली. ढग आणि धूळ आपल्या हातात नाही, पण भिंत आपल्या हातात होती.

रंकाळा देवळाच्या पश्चिमेलाच आहे. तिथे उंच काही उभं करायचं तर आधी त्या सहा संध्याकाळी सूर्य कुठे असतो ते बघावं लागेल. टॉवर नको असं मी म्हणत नाही. आकाशात आधीच कुणाची तरी वाट आहे, ती विचारून घ्या.

---

भूगोल_सर | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

@महाद्वार_रोड यांना जोड देतो. नोव्हेंबर आणि फेब्रुवारी या दोनच वेळा का? २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. १० नोव्हेंबरपासून तिथवर ४१-४२ दिवस, आणि तिथून १ फेब्रुवारीपर्यंतही तेवढेच. जाताना आणि येताना तो क्षितिजावर एकाच जागी मावळतो, पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला. त्यामुळे कुठला पट्टा मोकळा हवा हे कागदावर आखता येतं. तो आखून ठेवला तर टॉवरचा वाद भावनेवर न जाता मोजमापावर सुटेल.

---

चिखलीकर | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:१२

आमचं गाव प्रयाग चिखली. २०१९ च्या ऑगस्टात आणि परत २०२१ च्या जुलैत पंचगंगा घरात आली. २०१९ ला वीज गेली, मोबाईल बंद पडले, कोण कुठल्या गच्चीवर आहे ते दोन दिवस कळलं नाही.

ताईंनी लिहिलंय की स्कायट्री हौसेचा नाही, प्रसारणाचा आहे. सुमिदाचा तो भागही नदीकाठचा, सखल. मला वाटतं कोल्हापुरात उंच काही उभं करायचं असेल तर त्याचं कारण हे असावं. पूर आला, वीज गेली तरी चालणारं प्रसारण, पाण्याची पातळी लांबून दाखवणारे दिवे, भोंगा. मग त्याला गच्ची ठेवा आणि पर्यटक न्या, आमची ना नाही.

---

नवं_कोल्हापूर | ६ फेब्रुवारी, सकाळी ११:०५

चिखलीकर, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. महाद्वार दादा, तुमचंही पटलं. रंकाळा सोडून दुसरी जागा शोधावी लागेल. सर, तो पट्टा नकाशावर काढायला मला शिकवाल का? माझ्याकडे नकाशा आणि दुर्बीण दोन्ही आहे.

---

गडवाट | ६ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

तोवर पन्हाळ्यावर या. सज्जा कोठीच्या वरच्या मजल्यावर सूर्य उगवायच्या आत पोचा. शिवकाळात तिथून खालच्या मुलखावर नजर ठेवायचे. पुसाटी बुरुजावरून पश्चिमेचं बघा. त्या उंचीचंही कारण होतंच.

---

मंगळवारपेठ | ६ फेब्रुवारी, रात्री ९:३०

सगळ्यांच्या प्रतिक्रिया आप्पांना जेवण झाल्यावर वाचून दाखवते, दोन दिवस हाच कार्यक्रम आहे. चिखलीकर, तुमचं मला दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, "ह्यो माणूस बरोबर बोलतोय. आधी काम, मग उंची."

त्यांचं आता दुसरंच सुरू झालंय. परसात जुन्या सामानातनं एक पीव्हीसी पाइप काढलाय, पाच फुटी. त्यात वेळूची काठी उभी केली आहे, खालचा तिसरा भाग पाचर मारून पक्का, वरचा मोकळा. पाइप फळीवर बसवून फळी हलवतात आणि टोकाला बांधलेली पेन्सिल कागदावर किती ओरखडा काढते ते मोजतात. काठी काढून एकदा, काठी घालून एकदा. फरक दिसतो, पण त्यांना पुरेसा वाटत नाही. काठी पाइपावर आपटते, ते त्यांना नको आहे. मध्ये मऊ काहीतरी हवं. सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून बघितले, ते फार घट्ट होतात.

---

उद्यमनगरी | ६ फेब्रुवारी, रात्री ९:५२

ताई, माझ्याकडे वेगवेगळ्या मऊपणाचे रबरी बुश पडलेत, लहान तेलाचे डॅम्परही दोन-चार निघतील, जुन्या मशीनचे. पाइपाचा आतला व्यास तेवढा कळवा. रविवारी सकाळी घेऊन येऊ का? आप्पांना भेटायचंही आहे.

---

मंगळवारपेठ | ६ फेब्रुवारी, रात्री १०:१०

आतला व्यास १०४ मिलिमीटर. आप्पांनी आत्ता कॅलिपर लावून सांगितला. काठी ३२ ची आहे.

रविवारी दहाला या. बाहेर मिसळ खाऊन येऊ नका, मी घरी करणार आहे. आप्पा विचारतायत, पत्नी आणि मुलं येणार असतील तर कट जरा कमी तिखट करायला सांगू का.